विद्यापीठीय संशोधनातील प्राणिप्रयोगांचे नियमन

विद्यापीठे व महाविद्यालये यांमधील संशोधनासाठी आणि अध्यापनासाठी प्राण्यांचा वापर कोणत्या अटींवर करता येतो, याविषयीचे कायदे, नियम व संस्थात्मक व्यवस्था यांना प्राणिप्रयोगांचे नियमन असे म्हणतात. भारतात या नियमनाचा आधार प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० हा आहे. हा अधिनियम प्राणिप्रयोगांवर सरसकट बंदी घालत नाही. प्रयोग आवश्यक आहे का, त्यास पर्याय आहे का आणि प्राण्याला होणारी वेदना टाळता येईल का, या प्रश्नांची उत्तरे प्रयोग करणाऱ्याने प्रयोगापूर्वी दिली पाहिजेत, असे तत्त्व त्यातून व त्याखालील नियमांतून प्रस्थापित झाले आहे. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत जीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, वैद्यक, आयुर्वेद व पशुवैद्यक या शाखांच्या शिक्षणसंस्था आहेत. त्यामुळे तेथे या नियमनाचा संबंध अनेक विद्याशाखांशी येतो.

वैचारिक पार्श्वभूमी

विल्यम रसेल व रेक्स बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मानवीय प्रयोगपद्धतीची तीन सूत्रे मांडली. शक्य तेथे सजीव प्राण्याऐवजी अन्य साधन वापरणे, म्हणजे पर्याय, हे पहिले सूत्र होय. आवश्यक तेवढेच प्राणी वापरणे, म्हणजे कपात, हे दुसरे आणि वेदना कमी करणारी पद्धत स्वीकारणे, म्हणजे परिष्करण, हे तिसरे. प्रयोगानंतर प्राण्याचे पुनर्वसन हे चौथे सूत्र भारतीय धोरणात जोडले गेले.

कपात या सूत्राचा अर्थ केवळ संख्या घटवणे असा नाही. प्राण्यांची संख्या फार कमी ठेवल्यास निष्कर्ष विश्वसनीय राहत नाहीत आणि वापरलेले सर्व प्राणी वाया जातात. म्हणून संख्याशास्त्रीय आखणी हा नैतिक विचाराचाच भाग मानला जातो.

कायदेशीर चौकट

नर्तिका व राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या खाजगी विधेयकामुळे या विषयाला संसदेत चालना मिळाली आणि पुढे १९६० चा अधिनियम संमत झाला. त्याच्या चौथ्या प्रकरणातील कलम १४ ते २० प्राणिप्रयोगांविषयी आहेत. नवे शरीरक्रियाविषयक ज्ञान मिळवणे, प्राण वाचवणे, वेदना कमी करणे किंवा रोगांचा प्रतिकार करणे यांसाठी केलेले प्रयोग कलम १४ नुसार बेकायदेशीर ठरत नाहीत. कलम १७ मध्ये मर्यादा स्पष्ट केल्या आहेत. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे आहेत.

– प्रयोग काळजीपूर्वक व माणुसकीने करावेत आणि वेदना होऊ नयेत म्हणून पुरेशी भूल द्यावी.
– पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांनी काम भागत असेल, तर प्रयोग टाळावेत.
– लहान प्राण्यांवरून तोच निष्कर्ष मिळत असेल, तर मोठे प्राणी वापरू नयेत.
– केवळ हस्तकौशल्य मिळवण्यासाठी शक्यतो प्रयोग करू नयेत.
– प्रयोगापूर्वी व नंतर प्राण्यांची योग्य देखभाल करावी आणि नोंदी ठेवाव्यात.

कलम १५ खाली प्राणिप्रयोगांचे नियंत्रण व पर्यवेक्षण करणारी केंद्रीय समिती १९६४ मध्ये प्रथम स्थापन झाली. ती दीर्घकाळ सीपीसीएसईए या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखली जात असे. आता तिचा उल्लेख सीसीएसईए असा केला जातो. सध्या ती केंद्राच्या मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. १९९८ च्या नियमांनी प्रयोग करणाऱ्या व प्रयोगासाठी प्राण्यांची पैदास करणाऱ्या संस्थांना नोंदणी बंधनकारक केली. या नियमांत २००१ व २००६ मध्ये दुरुस्त्या झाल्या.

संस्थात्मक प्राणी नीतिसमिती

नोंदणीकृत प्रत्येक संस्थेत आठ सदस्यांची नीतिसमिती असते. तीत एक जीवशास्त्रज्ञ, भिन्न शाखांचे दोन शास्त्रज्ञ, प्राण्यांची देखभाल करणारा पशुवैद्य, प्राणिगृहाचा प्रमुख, संस्थेबाहेरील एक शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ नसलेला एक समाजभान असलेला सदस्य आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी यांचा समावेश होतो.

संशोधकाने आपल्या प्रस्तावात प्राण्याची जात, संख्या, ती संख्या ठरवण्याचे कारण, भूल व वेदनाशामकाची योजना आणि प्रयोगाअखेरीस प्राण्याचे काय केले जाईल, हे नमूद करावे लागते. उंदीर, ससे, गिनीपिग यांसारख्या लहान प्राण्यांविषयीचे प्रस्ताव संस्थेची समिती संमत करू शकते. मोठ्या प्राण्यांविषयीचे प्रस्ताव तिच्या शिफारशीसह केंद्रीय समितीकडे पाठवावे लागतात.

शास्त्रज्ञ नसलेल्या सदस्याचे स्थान या रचनेत महत्त्वाचे आहे. विषयातील तज्ज्ञांना जे नित्याचे वाटते त्याचे कारण साध्या भाषेत सांगावे लागणे, हा या सदस्यत्वामागील हेतू होय.

नांदेड व लातूर येथील स्थिती

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठाच्या परिसरात जीवशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र ही संकुले आहेत. मात्र दोन्ही जिल्ह्यांतील सर्व उच्च शिक्षण एकाच विद्यापीठाखाली नाही. नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर उदगीर येथील पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा घटक आहे. विद्यापीठ कोणतेही असले, तरी प्राणिप्रयोगांचा कायदा एकच आहे आणि नोंदणी व उत्तरदायित्व त्या त्या संस्थेचे असते.

उदगीरसारख्या पशुवैद्यक संस्थेत प्रश्नाचे स्वरूप वेगळे असते. आजारी जनावरावर उपचार करणे हा प्रयोग नव्हे. परंतु नव्या औषधाचा परिणाम अभ्यासण्यासाठी जनावर वापरल्यास तो प्रयोग ठरतो. लातूर जिल्ह्यातील देवणी व नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारी हे या भागातील नामांकित गोवंश आहेत. गोवंशावरील प्रयोग मोठ्या प्राण्यांच्या वर्गात येत असल्याने त्यांचे प्रस्ताव केंद्रीय समितीपर्यंत जातात.

प्राणिगृहाची देखभाल हाही नियमनाचा भाग आहे. प्रयोगशाळेतील प्राण्यांसाठी १८ ते २९ अंश सेल्सियस तापमान आणि ३० ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता, अशी मर्यादा मार्गदर्शक तत्त्वांत दिली आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात अखंड वीज व पुरेसे पाणी यांची तरतूद नसेल, तर कागदोपत्री संमत झालेला प्रयोगही प्राण्यांना क्लेशदायक ठरू शकतो. शिवाय उष्णतेने त्रस्त झालेल्या प्राण्यांपासून मिळालेले निष्कर्षही सदोष असतात.

अध्यापनातील बदल

बेडूक, उंदीर, झुरळ व गांडूळ यांचे विच्छेदन हा प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा दीर्घकाळ अविभाज्य भाग होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये ते टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्र व जीवविज्ञान अभ्यासक्रमांतील विच्छेदन पूर्णपणे थांबवण्याची सूचना केली. त्याऐवजी प्रतिकृती, चित्रफिती व संगणकीय विच्छेदन यांचा वापर सुरू झाला. हा बदल अध्यापनापुरता आहे. नीतिसमितीने संमत केलेल्या संशोधनाला तो लागू होत नाही.

उपयुक्तता व पर्याय

प्राण्यांच्या वापराचे ग्रामीण जीवनाशी निगडित उदाहरण म्हणजे सर्पदंशावरील प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावरील हे औषध घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार करतात आणि त्याची क्षमता उंदरांवर तपासतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेला या कार्याची दीर्घ परंपरा आहे. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्यांसाठी हे औषध जीवनरक्षक ठरते.

दुसरीकडे, काही प्रयोजने समर्थनीय नाहीत असे कायद्याने ठरवले आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना भारतात २०१४ पासून बंदी आहे. नवीन औषधांच्या २०१९ च्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन पेशीसंवर्धन व संगणकीय प्रारूपे यांसारख्या प्राणिविरहित पद्धतींना स्थान मिळाले.

टीका

या व्यवस्थेवर दोन्ही बाजूंनी टीका होते. परवानगीस लागणाऱ्या वेळामुळे मर्यादित मुदतीत प्रबंध पूर्ण करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची अडचण होते, असे संशोधकांचे म्हणणे असते. समितीतील बहुसंख्य सदस्य त्याच संस्थेचे असल्याने परीक्षण पुरेसे तटस्थ राहत नाही, असा प्राणिमित्रांचा आक्षेप असतो. कलम २० खालील दंडाची कमाल मर्यादा केवळ २०० रुपये आहे. त्यामुळे नियमनाचे यश शिक्षेच्या धाकापेक्षा नीतिसमितीच्या चोख परीक्षणावर आणि प्राणिगृहातील दैनंदिन देखभालीवर अवलंबून राहते.