दहा वर्षांचं शिक्षण एका वर्षात: ग्विदोच्या रेघा

आजचा भाग छोटा आहे, पण गोष्ट हजार वर्षं जुनी आहे.

सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिडोर याने लिहून ठेवलं की सूर लक्षात राहिला नाही तर तो नाहीसाच होतो, कारण सूर लिहिता येत नाही. म्हणजे म्हातारा गायक गेला की त्याच्याबरोबर त्याची गाणीही गेली.

नवव्या शतकात युरोपातल्या मठांमध्ये शब्दांच्या डोक्यावर बारीक खुणा दिसू लागल्या. त्यांना 'न्यूम' म्हणतात. सूर वर जातो की खाली, हे त्या सांगायच्या. पण किती वर, किती खाली? ते नाही. गाणं आधीच पाठ असेल तरच त्यांचा उपयोग. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, बॅकअप होता, पण रिस्टोअर करायला मूळ माणूसच लागायचा!

मग इटलीत पोम्पोसाच्या मठात ग्विदो नावाचा भिक्षू आला. त्याने रेघा आखल्या आणि रेघांमधली जागाही वापरली. रेघ कुठल्या सुराची, हे कळावं म्हणून सुरुवातीला अक्षर लिहिलं. 'एफ'ची रेघ लाल, 'सी'ची पिवळी. हेच दोन का? कारण या दोन्हींच्या लगेच खालचं अंतर अर्ध्या स्वराचं आहे, आणि नवशिका नेमका तिथेच चुकतो.

दुसरी युक्ती त्याहून भारी. संत जॉनच्या एका लॅटिन स्तोत्रात पहिल्या सहा तुकड्यांची सुरुवात एकेक पायरी वरच्या सुरावर होते. त्यांची आद्याक्षरं घेतली: उत, रे, मी, फा, सोल, ला. पुढच्या पिढ्यांनी हा 'उत' वेगवेगळ्या सुरांवर बसवला. आपला 'सा' सरकतो ना, साधारण तसंच.

ग्विदोने एका पत्रात दावा केलाय की जिथे दहा वर्षं घासूनही गायक कच्चा राहायचा, तिथे आता एक, फार तर दोन वर्षं पुरतात. पोम्पोसातल्या सहकाऱ्यांना हे रुचलं नाही. मत्सर इतका वाढला की तो मठ सोडून आरेत्सोला गेला. पुढे पोप जॉन एकोणिसावे यांनी त्याला रोमला बोलावलं. ग्विदो सांगतो की पोपने स्वतः पुस्तक उघडलं आणि कधीच न ऐकलेली ओळ गाऊन पाहिली.

पण मंडळी, फुकट काहीच मिळत नाही. जुन्या न्यूमांमध्ये सूर कुठे रेंगाळायचा, कुठे हलका सोडायचा, याच्या खुणा असायच्या. रेघांवर उंची अचूक बसली आणि हे बारकावे गळून पडले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या सोलेमच्या भिक्षूंना ते शोधायला पुन्हा जुनी हस्तलिखितं चाळावी लागली.

म्हणून मला वाटतं, एखादी गोष्ट लिहून झाली की लगेच ती वाचली असं समजू नये. काय लिहायचं राहिलं, हेही एकदा विचारावं. भेटू पुढच्या भागात!