पट्टी म्हणते क्लोरीन आहे, मग पाणी हिरवं का?

घरामागे पोहण्याचा तलाव असणं ही आपल्यापैकी बहुतेकांची अडचण नाही. (मराठीत नुसतं ‘पूल’ लिहिलं की नदीवरचा आठवतो, म्हणून मी तलावच म्हणणार आहे.) तरी अमेरिकेतल्या परसातल्या तलावाचं एक कोडं तुमच्यासमोर ठेवते. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल, तर ते तुमच्या कामाचं आहे.

सप्टेंबर संपत आलाय, पानगळ सुरू झालीय. मालक चाचणीची पट्टी पाण्यात बुडवतो. मोकळा क्लोरीन ३ पीपीएम, म्हणजे दशलक्ष भागांत ३ भाग. अमेरिकेच्या सीडीसीचं सांगणं किमान १ ते २ पीपीएमचं आहे, म्हणजे हा आकडा उत्तमच. पण आठवड्याभरात पाणी हिरवट होतं, भिंती बुळबुळीत लागतात. उन्हाळाभर कडक उन्हात, रोज पोरं डुंबत असताना जे पाणी नितळ राहिलं, ते आता ऊन उतरल्यावर आणि कुणी पोहत नसताना का बिघडावं?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

पहिलं औषध तांब्याचं. १८८२च्या ऑक्टोबरअखेर फ्रान्समधल्या मेदोक भागात सेंट ज्युलियनच्या द्राक्षमळ्यांतून जाताना मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक विचित्र गोष्ट दिसली. डाऊनीनं सगळ्या वेलींची पानं झडली होती, पण रस्त्याकडेच्या ओळींवर ती शाबूत होती. चौकशी केली तेव्हा कळलं, की येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून तिथे मोरचूद आणि चुना शिंपडला होता. पानं घाणेरडी दिसली की कोण तोडणार! मिलार्देनं पुढे प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. नाशिककडचे वाचक एव्हाना हसत असतील, कारण हे त्यांच्या घरातलं बोर्डो मिश्रण.

वेलीवरच्या रोगाला मोरचूद चालतो, तर पाण्यातल्या शेवाळाला का चालू नये? अमेरिकी कृषी खात्यातल्या जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी १९०४ साली याच विषयावर अहवाल काढला. त्यांची पद्धत वाचून गंमत वाटते. गोणपाटात मोरचुदाचे खडे भरायचे, गोणी होडीच्या मागे बांधायची आणि जलाशयात संथपणे वल्हवत फिरायचं. पण या अहवालातली महत्त्वाची गोष्ट गोणी नव्हे. शेवाळाच्या जातीनुसार मात्रा बदलते हे त्यांनी दाखवलं. शिवाय पाणी किती जड आहे, त्यात सेंद्रिय पदार्थ किती आहेत आणि ते किती थंड आहे, यावरही मात्रा ठरते. जड पाण्यात बरंचसं तांबं कार्बोनेट होऊन तळाला बसतं. तुम्ही ओतलेलं तांबं आणि शेवाळापर्यंत पोचलेलं तांबं हे दोन वेगळे आकडे असतात. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, आपल्याला परत लागेल.

त्याच अहवालात मोरचूद काही रोगजंतूही मारतो असा दावा होता. तो पुढे टिकला नाही, शेवाळाचा टिकला. आजही शेवाळनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांत तांबंच असतं. पोहून पिवळ्या केसांना हिरवी छटा येते, तिचा दोष लोक क्लोरीनला देतात. ती करणी तांब्याची.

रोगजंतूंचा प्रश्न सोडवला क्लोरीननं. २६ सप्टेंबर १९०८ रोजी न्यू जर्सीतल्या बूनटन जलाशयावर जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात सतत क्लोरीन मिसळायला सुरुवात झाली, अमेरिकेत पहिल्यांदाच. (न्यू जर्सीत आज आपली इतकी मराठी घरं आहेत, कुणाचा तरी भाऊ बूनटनजवळ राहत असणारच.) डॉ. जॉन लील यांचा हा निर्णय, आणि तो घेतला तेव्हा पाण्यावरून शहराचा आणि पाणीपुरवठा कंपनीचा खटला चालू होता. पिण्याच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरीचं द्रावण ही कल्पनाच तेव्हा अनेकांना भयंकर वाटली, पण शेवटी कोर्टानं ती मान्य केली. लगेचच, १९१०च्या सुमारास, ब्राऊन विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावात हाच उपाय करून पाहण्यात आला.

पण बूनटनचं पाणी पुढे बंद नळातून जात होतं आणि विद्यापीठाचा तलाव छपराखाली होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्निया, फ्लोरिडा अशा भागांत घराघरांच्या परसात तलाव आले ते उघड्यावर, थेट उन्हात. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतो. एक हायपोक्लोरस आम्ल, जे खरं मारक आहे, आणि दुसरा हायपोक्लोराइट आयन, जो फार मंद आहे. सामू साधारण ७.५ असताना दोघे निम्मे निम्मे. यातला आयन सूर्याची अतिनील किरणं शोषतो आणि तुटतो. रणरणत्या उन्हात काही तासांत तलावातला बहुतेक क्लोरीन संपतो. सकाळी टाका, दुपारी नाहीसा.

यावर तोडगा म्हणून १९५०च्या दशकाच्या अखेरीस सायन्युरिक आम्ल आलं. ते क्लोरीनला सैलसर धरून ठेवतं आणि धरलेला क्लोरीन उन्हात सहज तुटत नाही. दोन्ही एकत्र असलेल्या ट्रायक्लोरच्या गोळ्या बाजारात आल्या. तरंगत्या डब्यात गोळी ठेवा आणि विसरून जा. सोय म्हणून ही गोष्ट खरोखरच मोठी होती, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता मला ज्याच्याबद्दल खरं लिहायचं होतं तो भाग. धरून ठेवलेला क्लोरीन मारतो का? हा प्रश्न नीट सोडवला तो एका पीएचडीच्या विद्यार्थ्यानं. जॉन ओब्रायन हार्वर्डमध्ये होते, त्यांचा थिसिस १९७२चा. मॉरिस आणि बटलर यांच्याबरोबरचं त्याचं प्रकाशित रूप १९७४चं. काम ऐकायला अगदी रुक्ष आहे. सायन्युरिक आम्लाला एक, दोन किंवा तीन क्लोरीन चिकटू शकतात, शिवाय तीन क्लोरीनवालं सोडून बाकीची रूपं हायड्रोजन सोडू शकतात. या सगळ्या समतोलांचे स्थिरांक मोजायचे, बस. पण ते स्थिरांक हातात आल्यावर कुठल्याही तलावात खरं मारक आम्ल किती आहे ते गणितानं काढता येऊ लागलं. सायन्युरिक आम्ल नसताना, ७.५ सामूला, ३ पीपीएममधले सुमारे दीड पीपीएम मारक असतात. त्याच पाण्यात १२० पीपीएम सायन्युरिक आम्ल असेल तर उरतात जेमतेम ०.०१. शंभर पटींहून मोठी घट.

मग पट्टी ३ का दाखवते? कारण पट्टीतला किंवा डीपीडी चाचणीतला रंगद्रव्याचा अभिकारक मोकळं आम्ल खातो. ते कमी झालं की समतोल राखायला सायन्युरिक आम्ल आपल्याकडचा क्लोरीन सोडतं, अभिकारक तोही खातो, आणि मिनिटाभरात सगळं ‘मोकळं’ म्हणून मोजलं जातं. मोजण्याच्या क्रियेनंच बांधलेला क्लोरीन मोकळा केला. तुमच्या प्रयोगशाळेतली कुठली चाचणी असंच करते आहे, हे एकदा गाइडना विचारून बघा.

आता सप्टेंबरच्या तलावाकडे वळू. ट्रायक्लोरमधून १० पीपीएम क्लोरीन आला की सोबत सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल येतं. रोज २ पीपीएम क्लोरीन लागत असेल, तर शंभर दिवसांत २०० पीपीएम क्लोरीन खर्ची पडतो आणि १२० पीपीएम सायन्युरिक आम्ल मागे राहतं. ते बाष्पीभवनानं जात नाही, उन्हानं जात नाही. म्हणजे ऊन सर्वांत कमी असतं, त्याची गरज सर्वांत कमी असते, नेमकं तेव्हा ते सर्वांत जास्त साठलेलं असतं. वरून पानं पडतात. कुजणारी पानं क्लोरीन खातात आणि शेवाळाला फॉस्फेट पुरवतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, पोहण्याचा मोसम संपला असं मानून मालक पंपाचे तास कमी करतो. पाणी अजून कोमट असतं. शेवाळाला आणखी काय हवं?

उपाय यातूनच निघतात आणि ते कंटाळवाणे आहेत. पानं रोज जाळीनं काढायची, गाळणीची टोपली रिकामी करायची, भिंती ब्रशनं घासायच्या. सायन्युरिक आम्ल वेगळं मोजायचं. ते ३० ते ५०च्या वर बरंच गेलं असेल, तर थोडं पाणी काढून ताजं भरायचं, कारण खात्रीचा दुसरा मार्ग नाही. शरदात गोळ्या थांबवून द्रवरूप क्लोरीन वापरायचा. क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या साधारण साडेसात टक्के ठेवावा, असं अनेक जाणकार सांगतात, म्हणजे ४०ला ३. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरेपर्यंत तलाव झाकायची घाई करायची नाही, नाहीतर वसंतात आच्छादन काढल्यावर खाली हिरवा रस्सा. आणि ट्रायक्लोर व ब्लीचिंगच्या जातीची पावडर एकाच डब्यात कधीही नाही, स्फोट होतो.

हे सगळं श्रीमंतांचे चोचले वाटत असेल, तर २००७चं बेकर्सफील्ड बघा. कॅलिफोर्नियातल्या या शहरात गृहकर्जं थकली, थकबाकीच्या नोटिसा ३०० टक्क्यांनी वाढल्या. लोक घरं सोडून गेले, पंप बंद पडले. तलाव हिरवे झाले आणि त्यांत क्युलेक्स डास वाढले. त्या उन्हाळ्यात तिथे माणसांमधले वेस्ट नाइल विषाणूचे रुग्ण २७६ टक्क्यांनी वाढले. विल्यम राइसेन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हा संबंध मांडला. त्यांच्या पेपरच्या शीर्षकातच थकलेली कर्जं, बेवारस तलाव आणि विषाणू शेजारी शेजारी आहेत. अशा तलावांत क्लोरीन ओतायला कुणीच नसतं. म्हणून कॅलिफोर्नियातली डास नियंत्रणाची खाती तिथे गॅम्बुसिया मासे सोडतात, आपल्याकडे पालिकेचे मलेरियावाले टाक्यांत गप्पी सोडतात तसेच. माशांना हिरवं पाणी चालतं.