ख्रिस्ती शाळांतील शारीरिक शिक्षण (कोल्हापूर)

शरीर ही ईश्वराची देणगी असून तिची जोपासना हे धार्मिक कर्तव्य आहे, या भूमिकेतून ख्रिस्ती शाळांत रूढ झालेली व्यायामाची व खेळांची शिक्षणपद्धती. कोल्हापूर परिसरात तिचा संबंध मूळच्या समृद्ध तालीम-परंपरेशी आला, म्हणून तिचा तेथील इतिहास विशेष उद्बोधक आहे.

तात्त्विक भूमिका : नव्या करारातील संत पॉल यांच्या पत्रांत देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर मानले आहे, परंतु शारीरिक कसरतीपेक्षा धर्मशीलतेचा लाभ अधिक, असेही त्यांत सांगितले आहे. या दोन विचारांतील ताण ख्रिस्ती परंपरेत दीर्घकाळ राहिला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्झली व टॉमस ह्यूझ यांच्या लेखनातून बलोपासक ख्रिस्ती धर्माची कल्पना पुढे आली व मैदानी खेळ हे शीलसंवर्धनाचे साधन ठरले. ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ (वाय्. एम्. सी. ए.; स्था. लंडन, १८४४) या संस्थेने तिला संघटित रूप दिले. ल्यूथर गुलिक यांनी शरीर, मन व आत्मा यांचे निदर्शक असा त्रिकोण तिचे बोधचिन्ह म्हणून सुचविला. बास्केटबॉल (१८९१) व व्हॉलीबॉल (१८९५) हे खेळ या संस्थेच्या अमेरिकेतील कार्यकर्त्यांनीच निर्माण केले.

कोल्हापुरातील मिशन : रॉयल गूल्ड वाइल्डर (१८१६–८७) हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरास आले व त्यांनी तेथे शाळा काढल्या. मिशनने शिक्षणावर किती भर द्यावा, याविषयी त्यांचे अमेरिकन बोर्डाशी तीव्र मतभेद झाले. १८७० मध्ये हे मिशन प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले. आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल व मुलींचे एस्तर पॅटन हायस्कूल ही नावे या परंपरेची साक्ष देतात. वाइल्डर यांचे कोल्हापुरात जन्मलेले पुत्र रॉबर्ट वाइल्डर (१८६३–१९३८) हे अमेरिकेतील विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचे (१८८६) एक प्रवर्तक होत. शेरवुड एडी यांच्यासारखे वाय्. एम्. सी. ए.चे कार्यकर्ते याच चळवळीतून भारतात आले.

स्थानिक परंपरा : व्यायामाची आवड कोल्हापुरास मिशनने लावली, असे म्हणता येत नाही. पेठापेठांतील तालमी, लाल मातीचा हौदा, वस्तादाचे मार्गदर्शन आणि मारुतीची उपासना हे तेथील मल्लविद्येचे अंगभूत घटक होते. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) मल्लांना उदार आश्रय दिला. खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. विविध समाजांसाठी त्यांच्या प्रोत्साहनाने निघालेल्या वसतिगृहांत हिंदी ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे वसतिगृहही होते. तालमीत व्यक्तीचे बल व कौशल्य यांस प्राधान्य असे; शाळेच्या मैदानावर वेळापत्रक, लिखित नियम, पंचाचा निर्णय व संघभावना यांना. दोन्ही पद्धती संयम व ब्रह्मचर्य यांचा पुरस्कार करीत, हे त्यांतील साम्य लक्षणीय आहे.

शिक्षकांचे प्रशिक्षण : हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे वाय्. एम्. सी. ए.ची शारीरिक शिक्षण प्रशिक्षणसंस्था स्थापन केली. केवळ लष्करी कवायतीवर भर न देता त्यांनी पाश्चात्त्य खेळांबरोबर भारतीय खेळ व व्यायामप्रकार यांनाही अभ्यासक्रमात स्थान दिले. मुंबई इलाख्यात स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३७ नंतर या विषयाची पाहणी केली आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे सरकारी प्रशिक्षणसंस्था निघाली. त्यामुळे शारीरिक शिक्षणाची सूत्रे धार्मिक संस्थांकडून क्रमशः शासनाकडे आली.

मूल्यमापन : या पद्धतीने मुलींना व सर्व जातींच्या मुलांना एका मैदानावर आणण्याचा आदर्श पुढे ठेवला. तथापि तिला सक्तीची व सांस्कृतिक श्रेष्ठत्वाच्या जाणिवेची बाजूही होती. श्रीनगर येथील मिशन शाळेत टिंडेल बिस्को यांनी १८९१ मध्ये, चामड्याचा चेंडू अपवित्र मानणाऱ्या ब्राह्मण विद्यार्थ्यांना फुटबॉल खेळण्यास भाग पाडले. जातिबंधने सैल करणारी ही घटना विद्यार्थ्यांच्या श्रद्धेवरील आघातही होती. तिचा विचार करताना या दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्या लागतात.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार, शासनमान्य वा अनुदानित शाळेत संमतीवाचून धार्मिक शिक्षण देता येत नाही. साहजिकच मिशनच्या शाळांतही शारीरिक शिक्षण राज्याच्या सर्वसाधारण अभ्यासक्रमाचा भाग बनले. त्यामागील धार्मिक प्रेरणा मागे पडली. सांघिक खेळ, खिलाडूवृत्ती व सेवाभाव ही मूल्ये मात्र सर्वच शाळांनी स्वीकारली. कोल्हापुरात या समन्वयाचे वेगळे रूप दिसते. इंग्रजी शाळा, महाविद्यालये व सैन्य यांच्याद्वारे भारतात पसरलेला फुटबॉल तेथे तालमींनी आपलासा केला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (स्था. १९४०) स्पर्धांत पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ यांसारखे संघ मल्लविद्येच्या परंपरेचे नाव घेऊनच मैदानात उतरतात.