लिंगोबाच्या डोंगराची गाणी

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. ‘जैत रे जैत’ वाचेपर्यंत माझ्यासाठी तो फक्त ट्रेकचा स्पॉट होता.

गो. नी. दांडेकरांची ही कादंबरी ठाकरांची: मधमाश्यांवर सूड उगवायला लिंगोबाच्या डोंगराला भिडणारा नाग्या आणि त्याची चिंधी. १९७७ साली जब्बार पटेलांनी तिच्यावर चित्रपट केला. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं.

मी गाणी आधी ऐकली, पुस्तक नंतर वाचलं. गाण्यांत डोंगर नाचतो, पुस्तकात अंगावर येतो. ‘जैत’ म्हणजे जिंकणं. पण चित्रपटात नाग्या जिंकतो तेव्हा चिंधी उरत नाही. म्हणून या पुस्तकाला मी ‘मी रात टाकली’ हेच गाणं लावतो. ते चिंधीचं आहे.

दांडेकर परतवाड्याचे, महानोर अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे. दोघंही इथले नव्हते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे आम्हीही असेच बाहेरून आलो. पण ते दोघं डोंगराखालच्या माणसांपाशी थांबले. आम्ही गाडी लावून थेट वर जातो.

आता वाटेत ठाकरवाडी आली की मी इअरफोन काढतो.