पेशीच्या आत्मभक्षणाचे नियंत्रण

१९६३ साली लंडन येथील एका परिषदेत बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द द्यूव यांनी पेशीतील आत्मभक्षणास ‘ऑटोफॅजी’ हे नाव दिले. पेशी आपल्याच जीर्ण घटकांभोवती पटल उभारते आणि ते पुटक लायसोसोमच्या स्वाधीन करून त्याचे पचन घडविते, हे सूक्ष्मदर्शकातून दिसले होते. ही क्रिया सुरू करणारी प्रथिने कोणती, हे मात्र सुमारे तीन दशके अज्ञातच राहिले.

उत्तराची वाट निघाली ती सामान्य यीस्टमधून. योशिनोरी ओसुमी यांनी पाचक प्रथिनांची उणीव असलेले यीस्ट उपाशी ठेवले, तेव्हा त्याच्या रिक्तिकेत न पचलेली पुटके साठत गेली. १९९३ साली त्यांनी या क्रियेस आवश्यक अशी १५ जनुके निश्चित केली.

मानवी पेशीशी धागा जुळविला तो बेथ लेव्हीन यांनी. यीस्टमधील अशाच एका प्रथिनाशी सगोत्र असलेले बेक्लिन-१ त्यांनी १९९९ साली स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना पुरविले. आत्मभक्षण वाढले आणि त्या पेशींची अर्बुदे निर्माण करण्याची शक्ती घटली.

२०११ साली उलगडलेली यंत्रणा तर विशेष मनोवेधक होय. अन्न मुबलक असता एमटॉर हे प्रथिन यूएलके-१ या प्रथिनास फॉस्फेट जोडून त्यास आवरते. ग्लुकोज संपताच एएमपीके निराळ्या स्थानी फॉस्फेटच जोडून त्यास जागे करते. खूण तीच, स्थान बदलताच आज्ञा उलटते. मात्र रुजलेले अर्बुद याच आत्मभक्षणावर उपासमारीत तग धरू शकते. त्यामुळे कर्करोगात ही क्रिया चेतवावी की रोखावी, याचा निर्णय अद्याप सरसकट करता येत नाही.