हलती चित्रे आणि घरोघरची स्मृती

काशीतील हरिश्चंद्र घाट ज्या सत्यवचनी राजाचे नाव धारण करतो, त्याच्याच कथेवर दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ निर्मिला. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईत प्रदर्शित झाला. पुढे भागीदारांशी मतभेद झाल्यावर फाळके काही काळ सहकुटुंब काशीस राहिले. ‘रंगभूमी’ हे नाटक त्यांनी तेथेच लिहिले. त्यांच्या चित्रपटांपैकी मात्र आज फारच थोडे अवशेष उरले आहेत. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत मूकपटांच्या बहुतेक फिती नष्ट झाल्या होत्या.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅमकॉर्डर मध्यमवर्गीय घरांत आला आणि हाच प्रश्न घरोघरी पोहोचला. मुंज, लग्न, शाळेचे स्नेहसंमेलन आणि काशीयात्राही कॅसेटवर उतरली. दशाश्वमेध घाटावरील आरती, नावेतून दिसणारा पंचगंगा घाट आणि काठावर उभी आजी, हे सारे बोटभर रुंदीही नसलेल्या चुंबकीय फितीवर राहिले. दमट हवेत त्या फितीला बुरशी लागते. शिवाय ती वाचणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबविले.

अशी फीत संगणकावर उतरविण्यास घाई चालत नाही. एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो. १९९५च्या सुमारास आलेल्या डीव्ही पद्धतीतील एक तासाचे चित्रण सुमारे १३ जीबी जागा व्यापते. त्यासाठी लागणारी फायरवायर जोडणी नव्या संगणकांत सहसा नसते. जुन्या कॅसेटसाठी तर चित्रसंकेताचे अंकीय रूपांतर करणारे वेगळे उपकरण जोडावे लागते.

त्यानंतर येते संपादन. हललेली दृश्ये, लांबलेली शांतता, कॅमेऱ्यामागून आलेली आजोबांची हाक हे सर्व प्रथमदर्शनी अनावश्यक वाटते. पण कदाचित त्या हाकेखेरीज आजोबांचा आवाज अन्यत्र कोठेही नसेल. म्हणून मूळ चित्रण अखंड जपावे, त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि कात्री केवळ तिसऱ्या प्रतीला लावावी.

चित्र वाचले, तरी चेहऱ्यांची नावे आपोआप वाचत नाहीत. ती सांगणारी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवरच त्यांना शेजारी बसवून नावे, गाव व वर्ष लिहून घेतले पाहिजे. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालकांनी कपाटातील कॅसेट बाहेर काढल्या, तर शाळेच्या इतिहासातील कित्येक निनावी चेहरे पुन्हा ओळखीचे होतील.