गठाणीची पट्टी

खामगावच्या कापसाचा इतिहास निघाला की बोलणं भावावर जातं, नाहीतर आगगाडीवर. मी इथल्या एका प्रेसमध्ये हयातभर हिशेब लिहिला. वऱ्हाडची रुई विलायतेला पोचली त्यात भावाइतकाच बांधणीचा वाटा आहे, हे मला तिथे कळलं.

१८२५-२६ साली विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडातून मुंबईला कापूस पाठवला तो पाचशे बैलांच्या पाठीवर, दर बैलामागे २४० पौंड. बोजा सैल असे. रोज मुक्कामाला उतरवायचा, सकाळी पुन्हा लादायचा. वाटेतली धूळ आणि ओल त्यात शिरायची. शिवाय जहाजाचं भाडं माल किती जागा अडवतो त्यावर ठरे. फुललेली रुई परवडायची नाही, म्हणून ती मुंबईत पुन्हा दाबावी लागे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाकडे वळवलं. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला. अंतर जेमतेम १३ किलोमीटर, पण त्याने बाजाराची रीत पालटली. वाफेवरच्या प्रेसमध्ये गावातच गाठ दाबली की ती वाघिणीतून थेट बंदरात जाऊ लागली. मुंबईची गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे बरोबर अर्धी खंडी. काथ्याच्या दोरांची जागा पुढे लोखंडी पट्ट्यांनी घेतली.

बांधणीचं काम जवळून पाहावं असं आहे. आधी पेटीच्या तळाला बारदान अंथरायचं. मग रुई भरून तुडवायची, वर पुन्हा बारदान. दाब पुरा बसला की फळ्यांमधल्या खाचांतून पट्ट्या ओवायच्या आणि टोकं अडकवायची. दाब सोडताच रुई उसळते आणि सगळा ताण पट्ट्यांवर येतो. एक जरी नीट अडकली नसेल तर ती चाबकासारखी सुटते. पट्टी बांधणाऱ्यांच्या तळहातांवर जुन्या कापल्याच्या रेघा मी पाहिल्या आहेत. शेवटी दाभणाने तोंडं शिवायची आणि काळ्या शाईने नंबर घालायचा.

हा नंबर नुसत्या सोयीचा नाही. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणं बंधनकारक केलं. गाठीत पाणी किंवा सरकी निघाली, तर कोणत्या प्रेसची ते गिरणीत बसून कळावं, हा त्यामागचा हेतू.

आज गाठ १७० किलोची आहे. तरटाचे धागे रुईत मिसळून सूत बिघडतं, म्हणून वेष्टन सुती कापडाचं असावं असा आग्रह आहे. औद्योगिक वसाहतीत खोकी पॅलेटवर रचून प्लास्टिकच्या फिल्मने आवळतात, त्यामागचं सूत्रही हेच: सुटा माल एकजीव करायचा, म्हणजे तो हलत नाही, सांडत नाही आणि मोजायला सोपा जातो.

गाठीवर प्रेसची खूण असते, पट्टी आवळणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. खामगावात ते काम केलेले म्हातारे अजून आहेत. कापसाच्या भावाच्या वह्या आपण जपतो. या माणसांच्या आठवणीही आताच लिहून घेतल्या पाहिजेत. नाहीतर आपल्या बाजाराचा इतिहास फक्त मालकांचा आणि व्हाइसरॉयांचा उरेल.